दोन किलो सहाशे नव्वद

मंगळवार, संध्याकाळ. कर्जत, दवाखान्याचं बाकडं.



वहिनीची मुलगी जेमतेम चार दिवसांची. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "वजन आठ टक्के उतरून दोन किलो सातशे साठ झालंय. जन्माच्या वजनापेक्षा दहा टक्क्यांहून खाली गेलं तर लगेच आणा." जन्माचं वजन लिहिलेलं कार्ड दादा ऑफिसातल्या नोंदणीसाठी मुंबईला घेऊन गेला. इकडे घरी भिवपुरीत दुपारपासून वीज नाही, फोनही बंद.

आज आरोग्य खात्याच्या आशाताईंनी घरी येऊन बाळाचं वजन केलं. दोन किलो सहाशे नव्वद.

मी घाईघाईत सातशे साठवर आठ टक्के वाढवले, त्यातून दहा टक्के काढले. दोन हजार सहाशे ब्याऐंशी. सहाशे नव्वद म्हणजे अजून वरच. "सकाळी जाऊ," असं मी म्हटलंसुद्धा.

वहिनी म्हणाली, "ताई, परत बगा ना. ती नुसती झोपतेय, मला बरं वाटत नाय."

परत मांडलं. आठ टक्के गेले ते जन्माच्या वजनातले, आत्ताच्या नव्हे. म्हणजे दोन हजार सातशे साठ हे शंभरातले ब्याण्णव भाग. एक भाग तीस ग्रॅम, तर जन्माचं वजन तीन किलो. त्यातून दहा टक्के गेले की सत्तावीसशे. सव्वीसशे नव्वद त्याच्या खाली.

रिक्षा करून निघालो. इथे तपासलं तर रक्तातली साखर फार कमी. लगेच दाखल केलं, नळीने दूध सुरू केलं.

वहिनी मघाशी म्हणाली, "तुमी होतात म्हणून." परत बघायला तर तिनेच लावलं होतं.

आत्ता आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. वहिनी दाराकडे धावलीय.