एकशेआठ युनिट

९ ऑक्टोबर

परत एकशेआठ! काशीरामचं लाइट बिल. जूनमध्ये एकशेआठ, जुलैत एकशेआठ, ऑगस्ट, सप्टेंबर – बिल आहे की जपमाळ? गणपतीला हा माणूस बारा दिवस गावाला होता. खोलीला कुलूप. तरी एकशेआठ!

माझं ब्याऐंशी. तेही दर महिन्याला ब्याऐंशी.

कारण साधं. बिल्डिंगचे सगळे मीटर खाली, जिन्याखालच्या खोलीत. तिथेच मंडळाचं मखर, ढोल, सतरंज्या. चोऱ्या होतात म्हणून सेक्रेटरी श्यामकांतनं जूनमध्ये कुलूप ठोकलं. चावी त्याच्या खिशात आणि तो दिवसभर ऑफिसात. मीटरवाला येतो अकरा वाजता. कुलूप बघतो, यंत्रात 'बंद' असं टाकतो, जातो. मग लाइटवाले जुन्या बिलांवरून अंदाज मारतात. ॲव्हरेज! तुम्ही वापरा नाहीतर अंधारात बसा, त्यांना काय.

आज श्यामकांत आला. "काकू, सगळ्यांच्या बिलांची वाट लागलीय. तुम्ही घरीच असता ना, चावी तुमच्याकडे ठेवा."

घरीच असते म्हणजे मी वॉचमन का? पण ठेवली. खिळ्याला लावली. लाल रिबीन बांधलेली, वीतभर चावी.

१० ऑक्टोबर

वास! खाडीकडून वारा सुटला की डम्पिंगच्या कचऱ्याचा वास थेट काशीरामच्या खोलीत. त्याची खिडकी त्या बाजूला. माझं दार त्याच्या समोर, पण खिडकी अंगणात, म्हणून मला कमी.

म्हणून तो येतो. म्हणजे, सुरुवात फ्रिजपासून झाली. जूनमध्ये त्याचा फ्रिज मेला, तर दूध माझ्या फ्रिजात. जुलैत टीव्ही मेला, तर बातम्या माझ्याकडे. ऑगस्टमध्ये वास वाढला, तर जेवण माझ्याकडे. आता सकाळी सातला येतो – चहा, पेपर, टीव्ही, जेवण, खुर्चीत झोप, चहा, टीव्ही, जेवण. साडेनऊला समोर जातो, पाठ टेकायला. हल्ली वारा कुठलाही असला तरी येतो.

दुरुस्ती का नाही करत टीव्हीची? विचारलं नाही. मला काय!

तोंडावर मी भाऊजी म्हणते, तो वयनी. त्याची बायको माझी मैत्रीण होती, तेव्हापासूनचं. ती गेली त्याला तीन वर्षं, आमचे हे गेले त्याला नऊ. वहीत मात्र काशीराम. वही माझी आहे.

१४ ऑक्टोबर

त्याच्या हर्षदचा फोन, बोरिवलीहून. पोरगा बापाचं बिल फोनवरून भरतो आणि महिन्यातून एकदा बोलतो.

"बाबा, बिल बघितलं. एकशेआठ. एकदम स्टेडी. म्हणजे तब्येत झकास ना?"

काशीराम बोलला, "झकास."

एका डोळ्यावर हिरवी पट्टी! परवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मीच नेला रिक्षानं. दोन रात्री माझ्याच पलंगावर झोपलाय, मी खाली गादी टाकून – दर चार तासांनी थेंब घालायला कोणी नको? हर्षदला सांगायची सोय नाही. तो टपलाय. "एकट्याला जमत नाही ना? मग बोरिवलीला चला, खोली भाड्यानं देऊ." एजंट दोनदा येऊन खोली मापून गेला. काशीरामला तिथे नातवाच्या अभ्यासाच्या टेबलाखाली झोपवतील. गेल्या दिवाळीत झोपवलं होतं.

फोन ठेवून बोलला, "हर्षद बिल बघता. माका खंय बघता?"

मी बोलले, "डोळा चोळू नका."

माझी अनुपमा पण तीच गत. मुलुंडला बसून माझं बिल भरते. "आई, ब्याऐंशी. छान चाललंय तुझं."

हो. छान.

६ नोव्हेंबर

मीटरवाला गुणाजी आला. रिटायर व्हायला आलेला माणूस, दम लागतो त्याला. "मावशी, चावी तुमच्याकडे असते असं कळलं."

हात वर केला चावी काढायला आणि डोक्यात उजेड पडला. मीटर वाचला तर काशीरामचे निघणार महिन्याला दहा युनिट! रात्रीचा पंखा आणि एक बल्ब, दुसरं आहे काय? हर्षदच्या फोनवर दहा आलं की संध्याकाळी टेम्पो घेऊन हजर.

बोलले, "हरवली."

गुणाजीनं माझ्या खांद्यावरून बघितलं. खिळ्यावर लाल रिबीन. "ती?"

"ती कपाटाची."

एवढी मोठी चावी असलेलं कपाट बँकेत असतं! त्यानं यंत्रात 'बंद' टाकलं. गेला.

अडुसष्टाव्या वर्षी खोटं बोलले. तेही लाइट बिलासाठी. चावी तांदळाच्या डब्यात टाकली.

७ नोव्हेंबर

काशीरामला सांगितलं. खो खो हसला. मग टीव्ही बंद केला. "वयनी, तुमी माझ्यासाठी खोटां बोल्लात?"

"तुमच्यासाठी कशाला? टीव्हीचा आवाज मोठा होता. मला नीट ऐकू आलं नाही."

दोन दिवसांत दोनदा खोटं.

२० नोव्हेंबर

तिसऱ्या मजल्यावरची शर्मिष्ठा आली. हॉस्पिटलात नर्स आहे, एकटी राहते. हातात बिल – तीनशे दहा. मेपर्यंत तिची आई अंथरुणावर होती. दिवसरात्र एसी, हवेच्या गादीचं मशीन. आई गेली आणि पुढच्याच महिन्यात मीटरला कुलूप. तेव्हापासून ॲव्हरेज तेच.

"काकू, आई जाऊन सहा महिने होत आले. बिलात अजून आजारी आहे."

मी चहा ठेवला. तिच्या पाठीमागे तांदळाचा डबा.

"चावी हरवली म्हणे. सापडली का हो कोणाला?"

"बघतायत," मी बोलले.

"काकू, चहा फार गोड झालाय."

होणारच. साखर किती घातली ते बघायला लक्ष होतं कुठे!

२२ नोव्हेंबर

काशीरामनं युक्ती काढली. चावी द्यायची, पण आधी त्याचा मीटर पळवायचा. सहाशे युनिट जाळले की झालं.

त्याच्या खोलीत सगळं चालू केलं. पंखा, चार बल्ब, गिझर, इस्त्री. आम्ही दोघं नाकाला पदर आणि रुमाल लावून बसलो. इस्त्री चालू आहे तर वापरा, मी बोलले. त्यानं सगळे शर्ट केले. मग रुमाल. मग पडदा. मग कालचा पेपर! माझ्या आयुष्यात इतका सपाट पेपर मी बघितला नाही.

तासानं चावी घेऊन खाली गेले, मखर सरकवून बॅटरीनं मीटर बघितला. तीन युनिट.

तीन! म्हणजे असे दोनशे तास. वर आले तर रिकाम्या भिंतीवर पंखा वारा घालतोय, गिझर कोणासाठी तापलाय देवाला माहीत. माझ्यानं बघवेना. मी नळाखाली बादली ठेवून पाणी घेणारी बाई. आणि वर शर्मिष्ठा मेलेल्या आईचा एसी भरतेय! सगळी बटणं खटाखट बंद केली.

"पुरे झालं भाऊजी. उद्या गुणाजीला निरोप देते."

तो इस्त्रीची वायर गुंडाळत होता. फार वेळ गुंडाळली. "होऊंदे," बोलला.

४ डिसेंबर

रीडिंग झालं. श्यामकांत सुट्टी घेऊन हजर. "काकू, चावी सापडली? कुठे?"

"होती तिथेच."

गुणाजी मखरात घुसला, सगळे मीटर वाचले, बाहेर आला तो डोक्याला सोनेरी चमकी. माझ्याकडे बघून बोलला, "मावशी, कपाट उघडलं वाटतं." द्वाड आहे.

शर्मिष्ठाचे महिन्याला एक्केचाळीस निघाले. मला मिठी मारली तिनं. मी ताठ उभी. लायकी नाही माझी.

१२ डिसेंबर

बिलं आली. एकाच मिनिटाला दोन्ही फोन वाजले. मी इथे, तो दारात.

हर्षद एवढा ओरडत होता की स्पीकरची गरज नव्हती. "बाबा, सहा महिन्यांत साठ युनिट? तुम्ही अंधारात बसता? खाता काय? सामान भरा, रविवारी न्यायला येतो!"

अनुपमा इकडे. "आई, तुझे दुपटीच्या वर गेलेत! एकट्या बाईला इतकी वीज? कोणीतरी तुझ्या मीटरवर वायर टाकून चोरतंय. मी रविवारी वायरमन घेऊन येते, चोर पकडूनच जाईन."

फोन ठेवले. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे.

"जेवायला काय आसा?" त्यानं विचारलं.

१५ डिसेंबर

आले सगळे. हर्षद दोन रिकाम्या बॅगा घेऊन. अनुपमा कुंडलिक वायरमनला घेऊन.

कुंडलिकनं मीटर तपासला, वायरी तपासल्या, काही मिळेना. मग घरभर फिरला. फ्रिज उघडला, दोन पिशव्या दूध. दोन चार्जर. मोरीत दोन टॉवेल आणि दाढीचा ब्रश. खिडकीत वाटीत कवळी. माझे दात माझेच आहेत!

"मावशी, राहतं कोण कोण इथे?"

"मी एकटी."

कुंडलिकनं खुर्चीकडे बघितलं. काशीराम पंख्याखाली, स्टुलावर पाय, हातात रिमोट. पंख्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं. अनुपमाला बोलला, "ताई, चोर हे बसलेत."

अनुपमा फसकन हसली. हर्षदचं तोंड लाल. त्यानं दोन्ही बिलं शेजारी धरली. बापाचं जेवढं कमी, तेवढंच इकडे जास्त!

"बाबा, हे काय? लोक काय बोलतील?"

अनुपमा बोलली, "लोकांना त्यांचं बिल वेगळं येतं, हर्षददादा." माझी पोरगी आहे, कधी कधी कळतं.

"चला तुम्ही. आत्ताच्या आत्ता."

"माका खंय जावचां नाय."

"मग इथे कुठल्या नात्यानं बसणार? काकू तुमच्या कोण?"

काशीरामनं रिमोट खाली ठेवला. आयुष्यभर ज्याला त्याला फाडकन उत्तर देणारी मी! "चहा घ्या," बोलले.

हर्षदनं चहा घेतला नाही. बॅगा समोरच्या खोलीत ठेवल्या. "पुढच्या रविवारी येतो. भरलेल्या पाहिजेत."

१६ डिसेंबर

सात वाजले. आठ. काशीराम आला नाही. चहा दोन कप झाला होता, दोन्ही प्यायले.

१७ डिसेंबर

आला नाही. वारा खाडीकडून, वास मरणाचा, तरी आपल्याच खोलीत बसलाय. दार उघडं आहे. मधोमध बॅगा. एकीत इस्त्रीचे शर्ट दिसतात.

मी बोलवायला जाणार नाही. मी काय म्हणून बोलवू? हर्षदनं विचारलंच आहे ना, मी कोण!

१८ डिसेंबर

टीव्ही लावला. रिमोटवर भांडायला कोणी नाही. बंद केला. पंखा पण बंद केला. दिवसभर मीटर किती फिरला असेल? नसेलच.

दुपारी डबा भरून त्याच्या उंबऱ्यावर ठेवला. बेल वाजवली आणि पळून आले. अडुसष्ट वय!

रात्री डबा परत. धुतलेला. आत चार पेढे.

१९ डिसेंबर

सातला बेल. दाढी केलेली, त्या दिवशीचा इस्त्रीचा शर्ट. "वयनी, लाइट ऑफिसात जावचां आसा. चला."

"कशाला?"

"माझो मीटर बंद करूक."

रांगेत तासभर उभे होतो. तो फॉर्म भरत होता, मला बघू देईना, हात आडवा. शेवटी हिसकावला. चष्मा लावला. 'मीटर बंद करण्याचे कारण' – तिथे कोंबडीच्या पायाच्या अक्षरात लिहिलेलं: 'समोरच्या खोलीत पत्नीच्या नावाने मीटर आहे. तो पुरतो.'

पेन माझ्या हातात होतं. खोडलं नाही.

फॉर्म आत सरकवला. खिडकीतली मुलगी माझ्याकडे बघून बोलली, "आजी, तुम्ही यांच्या कोण?"

बोलले, "लिहिलंय ना त्यात, वाच की!"