चार गाड्या काच

केनवड,
ता. ९ नोव्हेंबर १९४१

प्रिय विजू,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वादाची लांबलचक ओळ लिहून त्यावरच चतकोर कागद भरून काढायची माझी जुनी युक्ती तुला ठाऊक आहे. आज ती बाजूला ठेवतो. मजकूर पुष्कळ आहे आणि कागद गोपीचंद मास्तरांकडून मोजकेच मागून आणलेत. तुझी आई बरी आहे, गुडघे सोडून. तूर फुलावर आली आहे. तुझी सोजरआत्या नेहमीप्रमाणे सगळ्या गावावर नाराज आहे, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम.

तुझं दिवाळीनंतरचं पत्र मी चारदा वाचलं. कामरगावचे हेडमास्तर घरी येऊन सांगून गेले की रुख्मीचं डोकं शास्त्राच्या विषयात चांगलं चालतं, तिला येत्या जूनमध्ये अमरावतीला मुलींच्या शाळेत घाला. जावईबापूंची ना नाही. पोरीनं तर जेवताखाता तोच धोशा लावलाय. नाही म्हणणारी तू एकटी. आणि खाली लिहिलंस, ‘आबा, माझ्या हातानं दोन मुके जीव गेले, तुम्हाला माहीतच आहे. पोरीच्या हातात त्या बाटल्या मला नकोत.’ या दोन ओळींना मला उत्तर द्यायचं आहे. देणारच आहे. पण तुझा बाप सरळ वाटेनं कधी कुठे पोचलाय? तेव्हा आधी आपल्या गोठ्यात काय येऊन बसलंय ते ऐक.

वैशाखात तूर घेऊन मी अकोल्याला गेलो होतो. तिथे एका पारशी गृहस्थांचा रंगाचा लहानसा कारखाना होता. ते वारले, मुलगा मुंबईचा झाला, आणि त्यांच्या बायकोनं कारखान्यातली प्रयोगशाळा होती तशी विकायला काढली. आमचे अडते निघाले होते, त्यांच्याबरोबर मी नुसता बघायला गेलो. विजू, एका खोलीत एवढी काच मी जन्मात पाहिली नव्हती. परीक्षानळ्या तीनशेच्या वर. चोचीची भांडी, वाटीएवढ्यापासून घागरीएवढ्यापर्यंत. लांब मानेच्या कुप्या, नरसाळी, चिनी मातीचे खल, स्पिरिटचे दिवे. काचेच्या पेटीत ठेवलेला एक तराजू तर इतका नाजूक, की त्याच्यासमोर शिंकायची सोय नाही. आणि खिडकीत एका बरणीत मोरचुदाचे खडे होते, बोराएवढे, निळेशार.

त्या बरणीपुढे मी खिळून राहिलो. तू बारा-तेरा वर्षांची असताना शेतकी खात्याचा माणूस ज्वारीच्या काणीवर औषध म्हणून मोरचूद वाटून गेला होता. त्यातली चिमूट तू मागून घेतलीस, बाटलीत पाण्यात विरघळवलीस, आणि त्यात दोऱ्याला बांधून एक बारीक खडा सोडलास. रोज सकाळी गोठ्याच्या कोनाड्यापाशी मला ओढून न्यायचीस. आबा, आज तांदळाएवढा झाला. आबा, आज गव्हाएवढा. तुरीएवढा झाला तेव्हा तू घरात सगळ्यांना गूळ वाटला होतास. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तुझा चेहरा बघायला मी रोज यायचो. असा चेहरा मी पुढे तुझ्या लग्नातही पाहिला नाही.

प्रयोगशाळा विकणाऱ्या त्या म्हातारीनं विचारलं, कोणत्या कॉलेजातून आलात? मी म्हटलं, केनवडहून. तिला वाटलं ते कॉलेजचंच नाव. नवऱ्याच्या वस्तू विद्यार्थ्यांच्या हाती जाणार म्हणून तिचे डोळे भरून आले. मी काही बोललो नाही. गप्प राहून वेळ निभावून न्यायची मला जुनी सवय आहे. पण त्या क्षणी ठरलं, की आता हे सगळं घ्यायचंच, आणि तिचा समज खोटा ठरू द्यायचा नाही. किंमत विचारू नकोस. तुझ्या आईनं एकदाच विचारली, मग दोन दिवस बोलली नाही.

आता काच आणायची कशी? मेडशीजवळच्या तांड्यावरच्या मोहनसिंगच्या चार गाड्या ठरवल्या. त्याच्या बैलांच्या चालीत पोटातलं पाणी हलत नाही. जिनातून हलका कापूस घेतला आणि एकेक भांडं बाळंतिणीच्या पोरासारखं कापसात गुंडाळून गाड्या भरल्या. वरून दिसायला नुसता कापूस. पातूरपासून मेडशीपर्यंत जो भेटेल तो थांबून बघायचा, कारण कापूस अकोल्याला जाताना सगळ्यांनी पाहिलाय, अकोल्याहून येताना कुणी पाहिला नव्हता. मोहनसिंग एकालाही खरं सांगेना. “अकोल्याच्या बाजारानं वापस केला, घरी घेऊन चाललो,” एवढं बोलायचा आणि बैलांना हाळी द्यायचा. मालेगावला पोचेपर्यंत आमच्याआधी बातमी पोचली होती की इंद्रभान पाटलाचा चार गाड्या कापूस बाजारानं नाकारला, बिचाऱ्याचं कसं होणार. दोघांनी तर मला धीरही दिला. एवढ्या वाटेत अकरा भांडी फुटली. त्यातली नऊ घरी उतरवताना सोजरबाईनं फोडली, पण तू हे बोलू नकोस.

ठेवायला मी गोठा दिला. हो, तोच. जनावरं नव्या छपराखाली बांधली, भिंती चुन्यानं रंगवल्या, जमीन सारवली, फळ्या ठोकल्या. तू माहेरी येतेस तेव्हा त्या बाजूला फिरकत नाहीस, विहिरीवर जायला मागच्या दारानं वळसा घालतेस. अठरा वर्षं घालते आहेस. माझ्या ध्यानात आलं नाही असं समजू नकोस. मी ओट्यावर बसून बघायचो आणि पानाला चुना लावत बसायचो.

खंडेनवमीला एक मजा झाली. घरात नांगर, विळे, कुऱ्हाडी मांडून पूजा झाली, तशी तुझ्या आईनं पूजेचं ताट गोठ्यातही नेलं. हत्यार म्हणजे हत्यार, काचेचं असलं म्हणून काय झालं. तीनशे नळ्यांना हळदीकुंकू लावायला तिघी बायकांना दुपार लागली. एका बरणीच्या तोंडाला सोड्याची पांढरी पूड राहिली होती. तिथे लावलेली हळद बघता बघता लालभडक झाली, तशा दोघी ताट टाकून अंगणात पळाल्या. सोजरबाईनं कोप झाला म्हणून जाहीर करून टाकलं. तुझी आई जागची हलली नाही. “चुन्यानं हयद लाल होते, हे का मले मास्तरानं शिकवलं?” म्हणाली आणि पुढच्या बरणीकडे वळली. घरात कुंकू करणाऱ्या बाईला कोण घाबरवणार? मला तेव्हा वाटलं, तुझं ते वेड माझ्याकडून नाही, तिच्याकडून आलं असणार. आणि रुख्मीकडे तुझ्याकडून.

गोपीचंद मास्तर आपल्या शाळेवर यंदाच आलेत. नागपूरला दोन वर्षं सायन्स शिकले, मग घरच्या अडचणीनं सुटलं. गोठ्यात पहिल्यांदा शिरले तेव्हा दारातच त्यांनी चपला काढल्या. आता दर शनिवारी सातवीची मुलं घेऊन येतात. चार मुलीही असतात. मी मागे पोत्यावर बसतो. मुलं मला हसतात, मीही त्यांना हसतो.

गेल्या शनिवारी मास्तरांनी नुकत्याच उगवलेल्या ज्वारीची कोवळी पानं ठेचून एका नळीत घातली, नळी कोमट केली, आणि पिवळ्या औषधात भिजवलेला कागदाचा एक कपटा बुचाला अडकवून आत सोडला. आम्ही सगळे टक लावून बसलो. थोड्या वेळानं कपटा नारिंगी झाला, मग विटेसारखा लाल. मास्तरांनी समजावलं, की कोवळ्या ज्वारीत, आणि कापणीनंतर बुडख्याला फुटणाऱ्या कोंबांत, एक जालीम विष असतं. जनावरानं भरपोट खाल्लं तर थरथरतं, फुगतं, आणि घटकाभरात जातं. शेतकऱ्याला हे नुसतं ऐकून माहीत असतं, आज डोळ्यांनी बघा. मग माझ्याकडे वळून आदरानं म्हणाले, पाटील, तुमच्या घरी कधी असं जनावर दगावलं का? सगळी मुलं मागे वळली. मी म्हटलं, नाही.

घरी आलो तो जेवण जाईना. एक्कावन्न वर्षांचा माणूस, पोरांसमोर त्याच जागी तेच खोटं पुन्हा बोलून आला होता. ताट सारून मी तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. रडली नाही, रागावलीही नाही. “मले सांगून काय होते? जिले सांगाचं तिले सांगा,” एवढंच म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. त्यानंतर आजवर तिनं माझ्याकडे नीट पाहिलेलं नाही.

तर सांगतो. त्या वर्षी संक्रांतीनंतर अवकाळी पाऊस झाला होता आणि खालच्या वावरातल्या ज्वारीच्या बुडख्यांना टीचभर कोवळे कोंब फुटले होते. त्यात जनावर सोडायचं नाही हे मला कळत होतं. आपल्यात पोरासोरांना कळतं. पण मालेगावला कुस्त्यांची दंगल होती आणि मला उशीर झाला होता. बैल घरी आणून बांधायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वाचवायला मी हिऱ्या-पवळ्याला लांब दाव्यानं तिथेच बांधलं आणि गेलो. म्हटलं, धुऱ्याचं, बांधावरचं गवत खातील. परत आलो तेव्हा दोघं थरथरत होते. ओढत, ढकलत घरी आणले. गोठ्यात शिरताच पवळ्या भिंतीवर कोसळला, त्याच्या धक्क्यानं कोनाड्यातली तुझी बाटली पडून फुटली, आणि निळं पाणी गव्हाणीपर्यंत वाहत गेलं. हिऱ्या त्याच्या मागोमाग गेला. सोजरबाई धावत आली, तिनं जमीन बघितली आणि म्हणाली, “पोरीच्या इखानं बैल गेले.” तुझे आजोबा दारात उभे होते. मला त्यांची भीती वाटायची. तेहतीस वर्षांचा बाप्या मी, पण वाटायची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि ते होकार समजले.

तू कोपऱ्यात उभी होतीस. उरलेल्या बाटल्या तू आपल्या हातानं उकिरड्यावर नेऊन एकेक फोडल्यास. दोन दिवस जेवली नाहीस, मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, जाऊ दे पोरी, तुला माहीत नव्हतं. म्हणजे तुझा अपराध मी वर तुला माफही केला. विजू, त्या साऱ्या प्रकारात मला सगळ्यात जास्त लाज या वाक्याची वाटते. पुढे आजोबांनी शाळा बंद केली, वर्षाच्या आत लग्न झालं, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगू, आता सांगू. मग वाटायचं, पोर विसरली असेल. दिवाळीनंतरच्या तुझ्या त्या दोन ओळींनी कळलं की तू एक दिवसही विसरली नाहीस. बैल तुझ्या हातानं गेले नाहीत. ते मी मारले. तुझ्या बाटलीतलं थेंबभर पाणीही त्यांच्या पोटात गेलं नव्हतं.

रुख्मीला अमरावतीला पाठव किंवा नको पाठवू, तिची आई तू आहेस, त्यात मी बोलणार नाही. पण नाही म्हणायचं असेल तर दुसऱ्या कारणासाठी म्हण, या कारणासाठी नको. तेवीस तारखेला, रविवारी, मी कामरगावला येतो आहे. पोरीला आणि जावईबापूंना समोर बसव, आत्याला काय वाटेल म्हणून काही झाकू नकोस, तिला हे पत्र मी आजच वाचून दाखवणार आहे. तिथे त्या दोघांसमोर हे सगळं मला माझ्या तोंडानं सांगायचं आहे, आणि मग तुला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर मी पाणी पिऊन परत फिरेन. आता तू म्हणशील, येताच आहात तर आबा, लिहिलंत कशाला? मी स्वतःला ओळखतो म्हणून लिहिलं. तुझा चेहरा बघून माझा धीर सुटेल, मी पिकापाण्याचं बोलत बसेन, चहा घेईन, आणि उठायच्या बेतात येईन. तेव्हा तू हे पत्र आतून आण, सगळ्यांसमोर माझ्या हातात दे, आणि म्हण, आबा, वाचा.

तुझाच,
आबा