माझा वर्ग किती बोलतो

८ जुलै, सोमवार
दिवसभर ट्रेनिंग. शिक्षकाने कमी बोलावं, विद्यार्थ्यांनी जास्त, हे ट्रेनर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच सांगत होता. मला मनापासून पटलं. आता वर्गात माइक बसणार आणि कोण किती बोललं याचा रिपोर्ट कॉम्प्युटर देणार. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, सत्र संपेपर्यंत मुलांचं बोलणं निम्म्यापर्यंत पोचलं नाही तर पहिल्या वर्षाचा अर्थशास्त्राचा वर्ग नव्या मॅडमकडे जाईल. मी हसलो. तो वर्ग म्हणजे माझा जीव. बाकीचे नुसते घेतो. शिवाय माझी मुलं बोलकी आहेत.
बायकोने विचारलं, तुमच्या वर्गात मुलं बोलतात? तिला सविस्तर समजावलं. मधेच ती गॅस बंद करायला गेली ती आलीच नाही.

९ जुलै
संकल्प: प्रश्न विचारून थांबणे. भाव वाढला तर मागणीचं काय होतं, असं विचारलं. ट्रेनर म्हणाला होता, मनात दहा अंक मोजा. तीनपर्यंत पोचलो, मग मुलांची कीव आली आणि उत्तर मीच दिलं. उत्तर झकास होतं.
रिपोर्ट: शिक्षक ९६ टक्के. उरलेल्या चारात हजेरीचं येस सर आणि कोणाचा तरी खोकला.

११ जुलै
चूक सापडली. माइक माझ्या टेबलाजवळ होता! उचलून शेवटच्या बाकावर ठेवला. आता ९८. शिपाई म्हणाला, सरांचा आवाज कसा खणखणीत आहे. अख्ख्या कॉलेजात कौतुक करणारा एवढा एकच माणूस.

१८ जुलै
लाजऱ्या मुलांसाठी ऑनलाइन चर्चेचा ग्रुप काढला. सुरुवात व्हावी म्हणून पहिला मुद्दा मीच मांडला. तो खोडलाही मीच. चर्चा रंगली. मुलगी म्हणाली, बाबा, इथे तुम्ही एकटेच आहात. मुलं घाबरत असतील तुम्हाला. मला कोणीही घाबरत नाही हे तिला जेवण होईपर्यंत पटवलं. शेवटी हो म्हणाली.

२ ऑगस्ट
थकलो. आज मुलांचे गट केले. प्रत्येक गटाला मोबाइलवर वेगळा प्रश्न. प्रत्येक गटापाशी जाऊन जातीने उत्तर समजावलं. ९७. उद्यापासून वर्गात तोंडात खोकल्याची गोळी. गोळी असली की बोलता येत नाही.

५ ऑगस्ट
गोळी चावून टाकली.

२० ऑगस्ट
घसा बसला. डॉक्टर म्हणाले, एक शब्द बोलायचा नाही. पण वर्ग बुडवणं जिवावर येतं. पडद्यावर प्रश्न लावून खुर्चीत बसलो. मग पहिल्या बाकावरची चष्मेवाली काहीतरी बोलली. साफ चूक. मी ताडकन उठलो, घशातून नुसती हवा. तोवर दुसरीने तिला अडवलं. मग जुंपलीच. ज्याला मी मौनीबाबा म्हणतो, तो वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं सांगू लागला: भाव वाढवले की गिऱ्हाईक टायर बदलत नाही, पंक्चर काढूनच भागवतं. हे उदाहरण माझ्या नोट्समध्ये नाही. चांगलं होतं. आनंद झाला आणि रागही आला. खरं तर राग जास्त.
रिपोर्ट: शिक्षक शून्य. प्रमुख बाई स्वतः वर्गाच्या दारात येऊन म्हणाल्या, सर, जमलं की तुम्हाला! मी मान डोलावली. माझी पद्धत अखेर रुजली.

२६ ऑगस्ट
घसा मोकळा झाला. वर्गात शिरलो तर मुलं आपसात हुज्जत घालत होती, चक्क विषयावर. चष्मेवालीने विचारलं, सर, आता बरं आहे का? म्हटलं, एकदम ठणठणीत. सगळ्यांनी वह्या उघडल्या, पेनांची टोपणं काढली, माना खाली घातल्या. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ते लपवायला बोलत सुटलो.

१ ऑक्टोबर, मंगळवार
नवं सत्र. सत्राअखेर आकडा पुन्हा ९७, वर्ग नव्या मॅडमकडे गेला. त्यांना चार गोष्टी सांगाव्यात म्हणून स्टाफरूममध्ये गाठलं. त्यांनी खुर्ची दिली आणि विचारलं, सर, मुलं तुमच्यासमोर का बोलत नसतील?
त्या थांबल्या. घाई नाही, मदत नाही, माझ्याकडे बघत नुसत्या थांबल्या.
माझा तास आहे, असं सांगून उठलो. जिन्यात आठवलं, तो तास आता त्यांचा आहे.