सरळ बसलेला जोड

सोमवार, दुकान बंद केल्यावर

तिरुवैयारूच्या शेतकऱ्यासाठी भंगारातल्या लोखंडी पलंगाच्या पट्ट्या कापून पॉवर टिलरची चिखलात चालणारी चाकं केली. शेवटच्या जोडाला पट्टी सरकली आणि मी सवयीने ओरडलो, "दादा, धर!" दादा वारल्यापासून इथल्या तमिळ मुलखात, आमच्या वेल्डिंगच्या दुकानात मराठी बोलणारा मी एकटाच. शेतकरी तमिळ, तरी माझा हात बघून त्याने पट्टी धरली. घट्ट धरली.

"सरिया?" त्याने विचारलं. बरोबर आहे का म्हणून.

बरोबरच होतं. जोड अगदी सरळ बसला. पट्टी धरताना दादाचा हात थरथरायचा, त्यामुळे जोड नेहमी जरासा वाकडा यायचा आणि मी त्याच्यावर खेकसायचो.

शेतकरी चाकं घेऊन गेल्यावरही दुसऱ्या चाकाच्या त्या सरळ जोडावरून बोट फिरवत बसलो. आता खेकसू कुणावर?