एकतारीचा भोपळा

३ ऑक्टो.
या घरात माणसाच्या मालकीचा साधा एक भोपळा असू नये, हा अन्याय मी जड अंतःकरणाने आणि त्याहून जड पोटाने नोंदवतो. आज दुपारी मी माझी एकतारी भाकरीबरोबर खाल्ली. दोनदा वाढून घेतली. वर "झकास" म्हणालो. मग हात धुवायला परसात गेलो, तर वेलीवर नुसता देठ. पावसाळाभर जपलेला, खाली गवताची गादी दिलेला, ओळखीला लाल दोरा बांधलेला भोपळा! वेलीवरच वाळवून त्याची एकतारी करायची होती. सासऱ्यांसाठी. साखऱ्याहून इकडे वसमतला राहायला येताना त्यांची जुनी एकतारी एसटीत फुटली. एक गृहस्थ तिच्यावर बसले. एवढी वजनदार दाद तिला आयुष्यात मिळाली नसेल.
बायकोला, सुमनला विचारलं. "दुधी महाग झालाय." लाल दोरा विळीला चिकटलेला होता.

४ ऑक्टो.
सासऱ्यांना कसं सांगावं या विचारात चहा गार केला. त्यांनीच सोडवलं.
"जावईबापू, काल खाल्ला तोच ना? लई गोड व्हता. वाजला बी चांगला असता."
दात दोन. दोन्ही दाखवून हसले.

६ ऑक्टो.
फळीवरचा माझ्या हातचा माल, म्हणजे खेळणी, पुसला. चिपाडाची बैलगाडी, बांबूच्या पिपाण्या (एक मुकी), बाभळीचा भोवरा. पेपरच्या ऑफिसात म्हणतात, साहेब दुसऱ्या बालपणात गेले. त्यांचं पहिलं संपलं की बोलू. फिरता भोवरा तळहातावर घेतला की जी गुदगुली होते ती पगारवाढीने होत नाही. लग्नाने तर... असो.

९ ऑक्टो.
भांडण. मी म्हणालो, म्हातारा माणूस, नवा भोपळा पुढच्या साली, तोवर यांचं काय सांगावं?
सुमन : "तेच तर."
मग तिचं सुटलं. "काहून कापला इचारता? आबाच्या गायन पार्टीनं समाज जागा केला म्हणतात. आमी बी जागेच व्हतो. उपाशीपोटी झोप कुठं येते? माय गेल्याचा निरोप स्टेजवर पोचला, तरी हा माणूस गात राह्यला. आन् ते दर जयंतीला माईकवर सांगतो. टाळ्या घेतो."

१० ऑक्टो.
सासऱ्यांना विचारलं. खरंय म्हणाले. "तीन गाणी राह्यली व्हती. प्रोग्राम अर्धा टाकला न्हाई. लोक रडले, जावईबापू."
डोळ्यांत चमक. पश्चात्ताप शोधला, चष्मा लावून शोधला.

२७ ऑक्टो.
सासरे आता तोंडानेच तार वाजवतात. टुंग, टुंग, खाटेवर बसून. सुमन मिक्सर लावते. भांड्यात काही नसतं. गल्लीला वाटतं, आमच्याकडे रोज चटणी.

१९ नोव्हें.
टुंग बंद. भाकरी अर्धी. डॉक्टर म्हणतात, वय. हे सांगायला एवढं शिकावं लागतं.

१५ डिसें.
शेजारच्या रझियाभाभींच्या पत्र्यावर एक विसरलेला भोपळा. पूर्ण वाळलेला. हलवला, बिया खुळखुळल्या. भाभी म्हणाल्या, "ले जाव भाईजान. मगर पोती आरई छुट्टी में, उसकू एक फिरकी बनाके देव." नातीसाठी फिरकी, कबूल.

२१ डिसें.
तोंड कापलं, आत खरवडलं, बांबू बसवला, बाभळीची खुंटी. बोटाने टिचकी मारली तर आतून कुणी "हं" म्हणावं तसा आवाज. एकटाच हसत बसलो, वेड्यासारखा.
तार मात्र लावली नाही. एकतारी आणि तारेचं वेटोळं, दोन्ही ओट्यावर ठेवलं. सुमनला म्हणालो, "बाप तुझा. तार लाव, नाहीतर भाजी कर. वाळलाय, शिट्ट्या जास्त कर."
तिने खुंटीला लसणाची जुडी टांगली.

२ जाने.
लसूण संपत आला. सासऱ्यांना खाटेवरून ओटा दिसतो. आज बोलले.
"पोरी, तार न्हाई त्याला."
"दिसून राह्यलं मला."
मग भाकरी थापता थापता, पाठमोरीच : "आबा, माय गेली तवा राह्यलेली तीन गाणी कोणती व्हती?"
चाळीस वर्षांपूर्वीच्या कव्वाल्या कडव्यांसकट पाठ असलेला माणूस. बोटं मोडली, छताकडे पाहिलं.
"आठवंना."
सुमनने भाकरी उलटली. मी कधी कुणाला एवढ्या कमी शब्दांत मारलेलं नाही, आणि शब्दांनी मारणं माझा धंदा आहे.

३ जाने.
सकाळी ओट्यावर तार नाही. एकतारीलाही नाही. लसूण काढलेला. तार लावणार की फेकणार, हे सुमनला विचारायची हिंमत झाली नाही. सासरे भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होते. गाणं असेल, किंवा गाणं शोधणं.
दुपारी परसात बसून फिरकी केली. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद, बाभळीचा काटा, कडब्याची काडी. भिंतीवरून भाभींच्या हातात दिली. वारं बरं होतं, तिथंच फिरायला लागली.
"बजा क्या वो बाजा?"
"मालूम नहीं, भाभी," म्हणालो, आणि घरात आलो.