सत्तर टक्के

डुलूथ, ४ सप्टेंबर २०१८

चि. एव्हरेट यास लॉरीनताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू ‘बरंय’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे. तुझ्या डॅग्नीला ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत जायचंय. पोरीने अजून समुद्र पाहिला नाही, ते राहू दे. नुसत्या गुणांवर तिथे घेत नाहीत, कुणाचं तरी नामांकन लागतं. तिने दोन्ही सिनेटरांकडे आणि तुमच्या भागाच्या काँग्रेसमधल्या प्रतिनिधीकडे अर्ज केलेत, उपराष्ट्राध्यक्षांकडेही केलाय. पण तिथे सगळा देश रांगेत उभा असतो. राष्ट्राध्यक्षांच्या वाट्यातून सैनिकांच्या मुलांना मिळतं, पण त्याला आई किंवा बापाची आठ वर्षं नोकरी लागते. तुझी सहा झाली आणि गाडीखाली तो सुरुंग फुटला.

एक दार उरतं. नोकरीतल्या जखमांनी ज्याला शंभर टक्के अपंग ठरवलंय, त्याच्या मुलांचं. तू बारा वर्षं सत्तर टक्क्यांवर बसून आहेस. पुन्हा तपासणी करून घे. निकालाला महिने लागतात आणि मुदत जानेवारीअखेरची आहे.

रॅमोनाला माझी आठवण सांग. रागावलास तरी उत्तर टाक.
तुझी ताई

ब्रोकन बो, १९ सप्टेंबर

ती. लॉरीनताईस एव्हरेटचा सा. न.

पोस्टातून निवृत्त झालीस तरी तुझा फॉर्म भरण्याचा नाद काही सुटला नाही. ताई, मी दमलोय. डॉक्टरांपुढे बसून मी कामातून गेलोय हे त्यांना पटवून द्यायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. पोरगी हुशार आहे, स्वतःच्या बळावर मिळवेल. तिला यातलं काही बोलू नकोस. रॅमोना बरी आहे, रुग्णालयात पाळ्या करून तीही थकते.

जपून राहा.
एव्हरेट

ब्रोकन बो, २२ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

तिन्ही ठिकाणांहून नकार आले. उपराष्ट्राध्यक्षांकडूनही काही नाही. शेवटचं पत्र डॅग्नीने मोरीपाशी उभ्यानेच वाचलं, खिशात घातलं आणि राहिलेल्या ताटल्या धुतल्या. मला म्हणाली, बाबा, तुम्ही जेवून घ्या.

कोणता फॉर्म तो पाठव.
एव्हरेट

ब्रोकन बो, ३० मार्च २०१९

ती. लॉरीनआत्यास डॅग्नीचा सा. न. वि. वि.

फेब्रुवारीत तपासणीला बाबांना मीच घेऊन गेले. मी बाहेर थांबते म्हटलं तर म्हणाले, बस इथेच, हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय. मग डॉक्टरीणबाई विचारत गेल्या आणि बाबा जमिनीकडे बघत सांगत गेले. आडवं होता येत नाही म्हणून बारा वर्षं ते खुर्चीत झोपतात. आम्हाला वाटायचं, टीव्ही बघता बघता डोळा लागतो. शर्टाची बटणं आई लावून देते, दार लोटून. शेवटी बाईंनी विचारलं, किती वजन उचलता येतं? बाबा म्हणाले, परत आलो तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती, तिलासुद्धा उचलता आलं नाही.

आत्या, मला आजवर वाटत होतं, बाबांना लेकरांचे लाड करायला आवडतच नाही.

परवा निकाल आला. शंभर टक्के, कायमचे. मुदत जानेवारीतच संपली, त्यामुळे यंदाचं गेलं. एक वर्ष लिंकनच्या विद्यापीठात काढते आणि पुढच्या खेपेस या दारानेही अर्ज करते. तेविशीच्या आत आहे तोवर चालतं. तरी मिळेलच असं नाही. या दाराशीही गर्दी असते म्हणे. बाबांना वाटतं, त्यांनी उशीर केला. तू त्यांना रागावू नकोस.

काल आईची सकाळची पाळी होती. बाबा स्वयंपाकघरात आले ते शर्ट उघडाच ठेवून. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी वरपासून सुरुवात केली. एक बटण चुकलं, सगळी काढून पुन्हा लावावी लागली. बाबा तोवर हलले नाहीत.

उन्हाळ्यात ये. माया आहेच, ती असू दे.
तुझी डॅग्नी