वेळेआधीचा बहर

२५ जानेवारी, पहाटे सात
आजपासून पर्सनल ग्रोथ.
सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून त्यांचं लाडकं होआंगमायचं झाड यंदा कुंडीसकट आमच्या अंगणात. तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, पहिल्या सकाळी ते पिवळंधमक फुललेलं हवं. सासरे जातीने बघायला येणार. लग्नाला तेरा वर्षं झाली, अजून मी ‘दियेपचा नवरा’. यंदा त्यांच्या तोंडून ‘आमचा होआन’ वदवून घ्यायचंच.
झाड बघता बघता साक्षात्कार झाला. जुनी पानं गेल्याशिवाय फूल येत नाही. माणसाचंही तेच. मी गाळायची पानं: सिगारेट, कंडेन्स्ड मिल्कची गार कॉफी, दुपारची झोप, आणि सासऱ्यांना जेवताना सल्ले देणं.

२६ जानेवारी
दियेपला साक्षात्कार सांगितला. ती म्हणाली, “झाड कुठे आपणहून पानं टाकतं? आपण एकेक ओरबाडतो तेव्हा फुलतं ते.” आणि माझं सिगारेटचं पाकीट कालव्यात भिरकावलं.
सिगारेट सोडली. मनोबल दांडगं आहे.

२८ जानेवारी
शेजारच्या साउकाकू कुंपणावरून सांगून गेल्या की पानं पौर्णिमेला तोडायची, आणि कळी जाड दिसली तर आणखी थांबायचं. सगळं सा देक गाव पौर्णिमेलाच तोडतं म्हणे. म्हणजे कळप. ग्रोथवाला माणूस कळपासाठी थांबत नाही. कळ्या जाडच होत्या, म्हणजे झाडही तयार होतं. आजच सगळी पानं तोडली.
दुपारी झोपलो. ही झोप नव्हे, रिकव्हरी.

२ फेब्रुवारी, पौर्णिमा
गल्लीभर पानं तोडणं चाललंय. मी खुर्ची टाकून बघत बसलो, कॉफी घेत. साखर बंदच आहे. कंडेन्स्ड मिल्क साखरेत धरत नाही.
साउकाकूंनी माझ्या टपोऱ्या कळ्या निरखल्या आणि तडक आत गेल्या. जळतात.

९ फेब्रुवारी
पहिलं फूल. ऊन जरा जास्तच आहे. काळजीचं कारण नाही.

१० फेब्रुवारी
काळजीचं कारण आहे. निम्मं झाड फुललं. मुळाशी बर्फ घातला, वर चादर बांधली. घरातला बर्फ संपल्याने गार कॉफी आपोआप सुटली. दियेपने चादर ओळखली. तिच्या आईने दिलेली होती.
सासऱ्यांचा फोन. कळ्या कशा आहेत विचारलं. म्हटलं, अपेक्षेच्या पुढे आहेत. यात खोटं काही नाही.

१३ फेब्रुवारी
सगळं झाड सोन्याचं. गल्ली लोटली बघायला. एकाने विचारलं, तुमचं तेत वेगळं असतं का?
दियेप म्हणाली, फोटो काढून बाबांना पाठवू. मी नको म्हटलं. मग फार वाईट वाटलं. इतकं सुंदर झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ज्याने ते वाढवलं तो म्हातारा गुडघा धरून घरी बसलाय. साउकाकूंच्या नवऱ्याकडून एक सिगारेट घेतली. उसनी घेतलेली मोजत नाहीत.

१६ फेब्रुवारी, तेतची आदली संध्याकाळ
पाकळ्या सगळ्या जमिनीवर. झाडावर फक्त कोवळी पालवी.
आत नारळपाण्यात मांस आणि अंडी शिजतायत. दियेप तिसऱ्यांदा ओरडली, अंगण आत्ताच झाड, उद्यापासून तीन दिवस केर काढता येणार नाही, नशीब बाहेर जातं. झाडतो. आधी सासऱ्यांसाठी मुद्दे काढतो: ‘फूल हा शेवट. पालवी हीच खरी ग्रोथ.’ जरा पाठ टेकतो, मग झाडतो.

१७ फेब्रुवारी, तेत
जाग आली ती फटाक्यांनी. नवं वर्ष लागलं होतं. केरसुणी दियेपने कपाटात कुलूपबंद केली होती.
सकाळी सासरे काठी टेकत आले. आधी जमिनीकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग माझ्याकडे. मी मुद्दे सुरू केले. पालवीपर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी हात वर केला. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. हसत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच इतके हसले, दियेप म्हणाली.
मग खुर्ची झाडाखालीच मागवली. सकाळपासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला काठीने पाकळ्या दाखवतात आणि सांगतात, “हे आमच्या होआनने केलं.”
टार्गेट पूर्ण.
पाकळ्यांना अजून दोन दिवस हात लावता येणार नाही. उद्या दियेपच्या माहेरचे सगळे येणार आहेत.